माझ्या भिंतीवरचा चुना

आईला साष्टांग नमस्कार, आणि बाबांच्या दुखऱ्या गुडघ्यांना वेगळा.

मी मजेत आहे, जेवण अंगी लागतंय. खोकला आहे, पण थोडासाच. गुडघ्यांना तेल लावता ना?

इथल्या गावच्या शाळेची भिंत मी तीन आठवडे खपून चित्रांनी रंगवली. मी जिथे राहते त्या घरच्या मावशी रोज चहा आणून द्यायच्या, "वा, वा" करायच्या. काल बघते तर त्याच मावशी भिंतीला चुना फासतायत! उद्या स्वयंसेवकांची नवी तुकडी येणार, तिला रंगवायला कोरी भिंत हवी. दर वेळी असंच करतात म्हणे.

"मनाला लावून घेऊ नकोस गं," मावशी म्हणाल्या. "एवढ्या लांबून येता, तुम्हाला काहीतरी काम द्यायला नको?"

माझं डोकंच फिरलं, आई. मी नखांनी चुना खरवडला. खाली माझं झाड होतं. आणखी खरवडलं, तर झाडाचा पोपडा निघाला आणि त्याखाली दुसऱ्याच कुणाचा तरी सूर्य.

दादाला सांगू नकोस, वर्षभर चिडवेल. मी पाठवलेला भिंतीचा फोटो बाबांनी हॉलमध्ये लावलाय, तो मात्र काढू नका. माझी भिंत आता तेवढीच उरलीय.

तुझी,
रंगारीण