आई जाते, आई येते

६ जानेवारी २०२५, सोमवार

नवीन पोरगी आली. अक्षरा. साडेपाच वर्षांची, आवाज मात्र अख्ख्या उदगीरला ऐकू जाईल असा! सकाळभर रडली. मी लक्ष दिलं नाही. रडून दमतात, मग चुरमुरे खातात.

आई शिवलीला. डाळ मिलमध्ये निवडायला जाते. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला. घरी सासू, दानम्मा. पोरगी जूनमध्ये पहिलीत जायची आणि अजून आईचा पदर सोडत नाही. पदर धरून शाळेत बसता येत नाही. जूनपर्यंत सुटायला हवा, बास.

शिवलीलालाही नियम सांगितले. दारात पोरानं म्हणायचं ‘आई जाते’. मी म्हणायचं ‘आई येते’. मग आईनं निघायचं आणि मागं वळून बघायचं नाही — वळली की पोर पुन्हा सुरू! बाराची घंटा झाली की दारात हजर. मी पोरांना खोटं सांगत नाही आणि माझ्या दारात कुणाला सांगू देत नाही.

८ जानेवारी

रडली.

९ जानेवारी, गुरुवार

फी कमी ठेवायची तर मदतनीस परवडत नाही. म्हणून रोज एक आई इथं थांबते. पोरांना पाणी देते, नळावर नेते, शेंबूड पुसते. शिवलीलानं गुरुवार घेतला. मिलमध्ये खाडा पडला तरी चालेल म्हणाली.

बाकीच्या आया विचारतात, इंग्रजी कधी सुरू करणार? पोराला स्वतःची चड्डी सोडता येत नाही, पण सफरचंदाला इंग्रजीत काय म्हणतात ते आलं पाहिजे! शिवलीलाचं वेगळंच. ‘लिवणं नंतर शिकंल, बाई. हिचं हिला करता आलं पायजे. जेवण, न्हाणं, येणी.’

वेणी? साडेपाचव्या वर्षी? ‘तरी शिकवा,’ म्हणाली.

बरं. शिकवू.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रडणं बंद होऊन आठवडा झाला. दारात ‘आई जाते’ एवढ्या जोरात म्हणते की समोरचा गिरणीवाला मान वर करून बघतो. मी ‘आई येते’ म्हटल्याशिवाय मात्र उंबरा ओलांडत नाही.

आज पळताना पडली. गुडघा फुटला. आई चार हातांवर उभी होती, पण गेली नाही. हाताच्या मुठी करून उभी राहिली. अक्षरा इकडं तिकडं बघून स्वतःच उठली, नळावर जाऊन पाय धुतला.

‘उचलायचं होतंस की,’ मी म्हटलं. शेवटी आईच ती.

‘न्हाई. उठतीय का बघून राहिले.’

दगडाची आहे का ही बाई? असो. दाराच्या आतलं माझं, बाहेरचं त्यांचं. कुणाच्या घरात डोकवायचं नाही, म्हणून तर इतकी वर्षं बालवाडी चालली.

१० मार्च, सोमवार

मुलं आत गेल्यावर शिवलीला घुटमळली. ‘बाई, पोरगी शिकली. मलाच जमत न्हाई. मागं बघायला होतंय.’

मला हसू आलं. म्हटलं, समोरच्या पाट्या वाचत जा. पिठाची गिरणी, मग मेडिकल, मग मोबाईलचं दुकान. पाट्या संपेपर्यंत वळण येतं.

तशीच गेली. एकेक पाटी ओठ हलवत वाचत. मान वळली नाही.

जेवताना यांना सांगितलं. निवृत्त मास्तर ते, त्यांना शिस्तीचं कौतुक वाटेल असं वाटलं. म्हणाले, ‘सौदामिनी, तू बालवाडी चालवतेस का पोलीस चौकी?’

तिखट जास्त झालं होतं म्हणे भाजीत. त्याचा राग हा!

११ एप्रिल

अक्षरानं स्वतःची वेणी घातली. भांग तिरपा, एक वेणी जाड, एक उंदराच्या शेपटीएवढी. बाहुलीवर महिनाभर गिरवली होती. बाराला आईला दाखवली. शिवलीला बघत राहिली, मग पदर डोळ्यांना लावला. आनंदाचं रडतात बायका. मी पसारा आवरायला घेतला.

३० एप्रिल

सुट्टी लागली. शिवलीला पाया पडली. नको म्हटलं तरी बराच वेळ वाकून राहिली. ‘लई केलं तुमी, बाई.’

केलं ते माझं कामच.

१६ जून, सोमवार

शाळा उघडल्या. दरवर्षीसारखी सकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेपुढं जाऊन उभी राहिले. आपली कोण रडतात, कोण नाही, ते बघायला. गल्लीच्या तोंडाशीच आहे शाळा.

सगळीकडं रडारड. अक्षरा नाही! दोन वेण्या, स्वतःच्या हातच्या. आजीचं बोट सोडलं आणि सरळ आत. मी मनात माझीच पाठ थोपटली. मग दानम्माला विचारलं, शिवलीला कुठंय?

‘भालकीला. दिली की तिला.’

कळेना. दानम्मानं कट्ट्यावर बसून सांगितलं. मे महिन्यात शिवलीलाचं दुसरं लग्न झालं. महांतेश नाव, किराणा दुकान आहे, माणूस चांगला. ‘मीच लावलं, बाई. तरणीताठी पोर, किती दिस बसवून ठिवू? आमच्यात लावतेत दुसरं लगीन. पण पोर संगं धाडत न्हाईत. ती माझ्या लेकाची. माझ्या घरची.’

लग्न संक्रांतीच्या आधीच, पोरीला माझ्याकडं घातलं तेव्हाच ठरलं होतं.

‘टेसनावर गेलो सोडाया. तिनं मागं बघितलं न्हाई. टेसनावरल्या पाट्या वाचत गेली, बाई. आन् ही पोरगी नुस्ती आई जाते, आई जाते करून राहिली. आजूक म्हणती. रोज. मला काय कळंना, काय पायजे तिला.’

मला कळलं. दानम्माला सांगितलं नाही.

१७ जून

आमचीही बालवाडी सुरू. नवीन पोरं रडली. दारात ‘आई येते’ म्हणताना माझी जीभ अडखळली.

शिवलीलाचा राग येतो. मग माझाच येतो. कसं सोडून जायचं ते मीच शिकवलं तिला, आणि वर हसले.

पण दाराच्या बाहेरचं ते त्यांचं. दोघी बायकांनी विचार करूनच ठरवलं असेल. मी कोण?

१९ जून, गुरुवार

मधल्या सुट्टीत अक्षरा दारात येऊन उभी राहिली. तोंडाला खिचडी लागलेली. आत येईना. म्हणाली, ‘आई जाते.’ आणि माझ्याकडं बघत राहिली.

मी म्हटलं, ‘आई येते.’

उंबरा ओलांडून आत आली. पाणी प्यायली, शाळेत पळाली.

मग शिवलीलाला फोन लावला. तुझ्या नावानं शब्द देऊन बसले आहे, म्हटलं. मी पोरांना खोटं सांगत नाही. महांतेशला काय सांगायचं ते सांग, नाहीतर मी सांगते. कधी येतेस?

मग म्हणाली, ‘घंटा आजूक बारालाच होती का, बाई?’