बंद मोटारीचा विमा

अहो,

जिवंतपणी माझं कधी ऐकून घेतलं नाहीत, मग आता पत्र कशाला? पण आज परभणीला जाऊन मोटारीचा विमा बंद करून आले. हे मीच तुम्हाला सांगायला हवं.

सहा वर्षं मोटार लिंबाखाली उभी. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते. तरी दरसाल तुम्ही विमा भरायचात, रविवारी काचा पुसायचात. गंगाखेडात कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर, "चालू हाय की! लांब जायचं न्हाई म्हणून उभी हाय."

माझी आई राणीसावरगावला अंथरुणाला खिळली, तेव्हा मी पिशवी भरून उंबऱ्यात उभी होते. एस्टी होती. तुम्ही म्हणालात, "मोटारवाल्याची बायको एस्टीत बसणार? मिस्तरी येऊ दे, मोटारीनं जाऊ." मिस्तरी यायच्या आधीच आई गेली.

आपण पोचलो ते सगळं आटोपल्यावर, उसन्या आणलेल्या जीपमधून. भाऊ दारातच म्हणाला, "दारात मोटार असून आक्काला आईसाठी सवड झाली न्हाई." तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. मी तेव्हा खरं का सांगितलं नाही? तुमची इज्जत झाकत बसले. त्याबद्दल माझा मलाही राग येतो.

विम्याच्या कचेरीतला साहेब म्हणाला, "बाई, चोरीला गेली तर काय करताल?" मी म्हटलं, "नेणाऱ्याला चहा पाजीन." मग त्यानं कारण विचारलं. चार माणसांत पहिल्यांदा बोलले, "मोटार बंद हाय. सहा वर्सं झाली." कुणी मानसुद्धा वर केली नाही. या लोकांना भीत होतात तुम्ही?

साहेबानं तुमचा इंग्रजीतला जुना अर्ज काढून मला मराठीत सांगितला. मोटार कशासाठी वापरणार, तिथं तुम्ही लिहिलं होतं, बायकोला माहेरी नेण्या-आणण्यासाठी. साहेब कौतुकानं हसला. मला रडू आलं नाही, संताप आला. म्हणजे तुम्हाला कळत होतं तर!

उद्या सकाळच्या एस्टीनं मी राणीसावरगावला जाणार आहे. भावाला सांगणार आहे, मोटार बंद होती आणि ह्यांनी मला येऊ दिलं नाही. त्यानं दार लावलं तर परवा पुन्हा जाईन. तुमचं वर्षश्राद्ध नीट घालीन, शब्द देते. पण तुमची अब्रू आता तुमची तुम्ही सांभाळा.

तुमची बायको,
शांता