लेथ, मागची खोली आणि दिराची ना-हरकत

मी, या घराच्या तळमजल्यावर राहणारी, लेथवर काम करणाऱ्या मयत टर्नरची बायको आणि त्यांच्यामागे स्वतः टर्नर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने व माझ्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी तपासून सांगितले आहे. पाय ठिकाणावर नाहीत. हृदयाच्या दुखण्यामुळे बसून राहायचे आहे आणि मी दर ओळीला उठते आहे. अक्षर हलले असेल तर त्याचा दुसरा अर्थ काढू नये.

१. घराचा तळमजला माझा आहे, तो माझ्या पश्चात मुलीला मिळावा. वरचा मजला दिराचा. त्याच्याशी तिने भांडू नये, ते मी पुरेसे केले आहे. मागची खोली मात्र माझी जाऊ हयात असेपर्यंत तिच्या ताब्यात राहील.

२. कपाट, भांडी आणि शिलाई मशीन मुलीचे. शिलाई मशीन मला कधी आवडले नाही. त्यावर बसावे लागते.

३. लेथबद्दल, म्हणजे लोखंड फिरवून कापायच्या यंत्राबद्दल. कारखाना बंद पडला तेव्हा नवऱ्याने ती घरी आणून मागच्या खोलीत बसवली. तिची मोटर तीन फेजची आणि घरात वीज एका फेजची. बटण दाबले की मोटर नुसती घुमायची, फिरायची नाही. तीन फेजचे कनेक्शन घ्यायला घराच्या दुसऱ्या मालकाची ना-हरकत लागते. दीर म्हणाला, हे घर आहे, कारखाना नाही. नवरा गेल्यावर मी पुन्हा मागितली, तेव्हाही तेच. शेवटी वायरमनने शेजारी आणखी एक मोटर बसवून दिली. तिच्या पुलीला दोरी गुंडाळायची, हिसका देऊन ओढायची, ती गरगरली की लगेच स्विच टाकायचा. मग ती घरच्याच विजेतून कमी पडणारी फेज तयार करून लेथला देते. त्यावर पंपांचे सुटे भाग, बुश आणि शाफ्ट, करून विकले आणि त्या पैशावर मी मुलीचे शिक्षण केले. लेथ सुरू होताना वरचे दिवे क्षणभर मंदावतात, हे खरे आहे.

४. एका दुपारी मी शाफ्ट कापत असताना दिराने जिन्याखालचा मेन स्विच पाडला. लेथ मंदावली, कापायचे हत्यार शाफ्टमध्ये रुतले आणि त्याचे टोक तुटून माझ्या डाव्या डोळ्यात गेले. त्या डोळ्याला आता उजेड कळतो, माणूस कळत नाही. दीर म्हणतो, दिवे लुकलुकत होते म्हणून पाडला, खाली मी काम करते आहे हे ठाऊक नव्हते. लेथचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. तो दवाखान्यात आला नाही. जाऊ आली. "ताई, आता दोरी मी ओढणार," एवढेच म्हणाली. तेव्हापासून तो कामावर गेला की ती खाली येते. आधी दोरी, मग भोके पाडणे, मग आटे. आज तिचे माप माझ्याहून नेमके येते.

सबब दिराला मी काहीही ठेवत नाही. माफीसुद्धा नाही, ती त्याने मागितलेली नाही.

५. लेथ माझ्या पश्चात जाऊला मिळावी, असे मी आधी लिहिले होते. काल तिला वाचून दाखवले. तिचा चेहरा उतरला. "तुम्ही जायची वाट बघत बसू का मी? द्यायची तर आत्ता द्या." मी दिली. दीर वर चहा पीत असताना, भर सकाळी, तिने बाह्या सावरल्या आणि दोरी ओढली. तो तडक खाली आला तो मला बोलायला. दारात थबकला. बायकोचे तेलाने माखलेले हात बघत राहिला. मग हळूच विचारले, "हे कधीपासून?"

तिने कामावरची नजर काढली नाही. "तुम्ही स्विच पाडलात तेव्हापासून."

तो वर गेला. वर काय झाले ते मला माहीत नाही. जाऊ आज रोजच्यापेक्षा लवकर खाली आली आहे.

लेथ आता माझी राहिलेली नाही, म्हणून ती या मृत्युपत्रातून वगळली आहे. वारसांनी शोधू नये.

सही: तळमजल्यावरची टर्नर

आमच्यादेखत, उभ्यानेच सही केली:
१. वायरमन, ज्याने मोटर बसवली
२. डॉक्टर, ज्यांचे ती ऐकत नाही

ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर