अण्णा, मी एच.आर. शिकले

अण्णा,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. समोर असता तर चष्मा कपाळावर सरकवून "काय म्हणालीस? परत म्हण" असं नक्की म्हणाला असता, म्हणून एकदाच नीट सांगते. मी एम.बी.ए. झाले. दूरशिक्षणातून, नोकरी सांभाळून, चाळिशी उलटल्यावर. आणि विषय कुठला, तर एच.आर. हो, तेच. ज्या खात्याच्या दारात तुम्ही आयुष्यभर भांडलात, त्याच खात्याचं शिक्षण तुमच्या मुलीने हौसेने घेतलं.

त्या खात्याचं नाव बदललं तो दिवस मला अजून दिसतो. मी शाळेत होते. तुम्ही हडपसरच्या कारखान्यात टर्नर आणि युनियनच्या कमिटीवर. पहिली पाळी संपवून तुम्ही बिबवेवाडीला घरी येता, सायकल भिंतीला टेकवता आणि हात न धुताच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहता. आई भाकरी थापते आहे. "ऐकलंस का," तुम्ही म्हणता, "पर्सोनेल खात्याची पाटी बदलली आज. ह्युमन रिसोर्स म्हणे. कालपर्यंत आम्ही कामगार होतो, आजपासून संसाधन. लोखंड, कोळसा, पाणी आणि आम्ही." आई तव्यावरून नजर न हलवता म्हणाली, "संसाधनांनी आधी हात धुवावेत." तुम्ही इतके हसलात की शेजारचे काका काय झालं म्हणून डोकावून गेले.

बी.कॉम. झाल्यावर मला एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली, तेव्हा मात्र तुम्ही फारसे हसला नाहीत. पहिल्या आठवड्यात मी मोठ्या ऐटीत सांगत होते, की आज दहा-बारा कामगार साहेबांना भेटायला आले होते, मी त्यांना बाहेरच थांबवलं. तुम्ही विचारलंत, "बसायला सांगितलंस का?" मी म्हटलं, "तेवढ्या खुर्च्याच नव्हत्या." तर म्हणालात, "मग तू उभी राहायचंस." एवढं बोलून पेपर उघडलात. मी रात्रभर फुगून बसले होते. पण पुढच्या रविवारी तुम्ही लक्ष्मी रोडवर नेऊन मला चामड्याची पर्स घेऊन दिलीत, ऑफिसला शोभेल अशी, आणि दुकानदाराला सांगितलंत, "मजबूत द्या. आमची मुलगी साहेब लोकांत बसते." टोमणा होता की कौतुक, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

त्याच कारखान्यात मी एच.आर. खात्यात मदतनीस म्हणून रुळले. हजेरी, रजा, नव्या माणसांची कागदपत्रं, निवृत्त होणाऱ्यांचा शाल-श्रीफळ समारंभ, सगळं माझ्याकडे. मग आमच्या अधिकारी बाई नोकरी सोडून गेल्या. आमचा मॅनेजर वयाने माझ्याहून लहान, हिंजवडीतल्या एका कंपनीतून आलेला. तो म्हणाला, "मॅडम, काम तुम्हीच करता हे मला दिसतंय. पण त्या पदाला डिग्री लागते." मी घरी येऊन भांडी आदळायला लागले. तुमच्या जावयाचं झेरॉक्सचं दुकान आहे, ते तुम्हाला माहीत आहेच. हा माणूस शांतपणे म्हणाला, "मग घे की डिग्री. मी रोज पोरांच्या नोट्स छापतो. निम्म्यांना विषयाचं नाव विचारलं तर कागद उलटून बघतात. तुला निदान विषय तरी माहितीये."

पुस्तकांचं पार्सल आलं त्या दिवशी मी ती पुस्तकं आधी हुंगली. खरंच. तुमची नात तेव्हा बारावीला होती. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी. ऑनलाइन तासाला मी माइक चालू ठेवूनच कुकरच्या शिट्ट्या मोजायचे आणि सगळा वर्ग ऐकायचा. शेवटी सरांनी विचारलं, "मॅडम, वरण झालं असेल तर पुढे जाऊ का?" रविवारी अभ्यासकेंद्रावर वर्ग असत. तिथे एक परिचारिका माझी मैत्रीण झाली. ती ड्यूटी संपवून यायची, पहिल्या बाकावर बसून डुलक्या काढायची आणि नेमका प्रश्न विचारला की डोळे मिटलेलेच ठेवून बरोबर उत्तर द्यायची. घरी लेक मला दरडावायची, "आई, मोबाइल ठेव बाजूला. परीक्षा कोणाची आहे?" इतकी मजा मला खऱ्या कॉलेजच्या वयातही आली नव्हती, अण्णा. तेव्हा पास व्हायचं होतं. आता कळायला हवं होतं.

शेवटच्या वर्षी प्रकल्प करायचा होता. आमच्या जुळणी विभागातल्या बायका चार-सहा महिन्यांत नोकरी का सोडतात, हा विषय मी घेतला. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये त्यांच्या शेजारी डबा उघडून बसायला लागले. आधी कोणी बोलेना. मग यवतमाळकडून आलेली एक बाई म्हणाली, "शनिवारी संध्याकाळी फोन येते मॅडम, सोमवारपासून दुसरी पाळी म्हणून. मंग लेकराले कोनापाशी ठेवाव?" बाकीच्या माना हलवायला लागल्या. कोणाचं पाळणाघर ठरलेलं, कोणाची सासू फक्त सकाळी मोकळी. पगाराबद्दल, कामाबद्दल फारशी तक्रार नव्हती. पाळी आधी कळत नाही, एवढंच. आणि पाळ्या शनिवारी कोण ठरवायचं? आमचा मॅनेजर. ज्याची प्रकल्पावर सही लागणार होती, आणि ज्याच्या हातात माझं पद होतं.

खरं सांगते, सौम्य करून लिहावं असं दोनदा मनात आलं. तुमचा जावई म्हणाला, "पाहिजे तसं लिही. मी छापून देईन." अखेर आहे तसं लिहिलं आणि मॅनेजरसमोर नेऊन ठेवलं. तुम्ही साहेबांशी बोलताना आवाज चढवत नसायचात, उलट खाली आणायचात, ते मला त्या दारात आठवलं. त्याने वाचलं आणि त्याचे कान लाल झाले.

"मॅडम, हे माझ्याविरुद्ध लिहिलंय."

"तुमच्याविरुद्ध नाही सर. शनिवाराविरुद्ध आहे."

तो हसला नाही. पुण्याबाहेरचा आहे, वेळ लागतो. "हे तुमच्या पुस्तकात आहे का?" त्याने विचारलं.

"पुस्तकात एवढंच आहे सर, की माणसं का जातात ते त्यांना विचारावं. मी विचारलं."

दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. मी मनातल्या मनात पदाचा नाद सोडून दिला होता. तिसऱ्या दिवशी त्याने बोलावलं आणि खुर्चीकडे हात केला. "पाळ्या महिनाभर आधी लावता येतील?" मी म्हटलं, "येतील. मी लावून देते." "माझी बायको पण नोकरी करते," तो म्हणाला. "तिला असं कोणी केलं असतं तर मी भांडायला गेलो असतो." मग पेन काढून विचारलं, "सही कुठे करू?"

त्या बायका अजून आहेत, अण्णा. बऱ्याच जणी टिकल्या. यवतमाळच्या बाईने एकदा माझ्यासाठी डबा भरून सांबारवडी आणली. मी कोथिंबिरीची वडी म्हणून कौतुक केलं, तर तिने मला दुरुस्त केलं, "सांबार म्हना मॅडम." आता आमच्या कँटीनमध्ये सगळेच कोथिंबिरीला सांबार म्हणतात. आणि अधिकारी कोण आहे ते तुम्हाला कळलंच असेल.

निकाल लागला तेव्हा मी दुकानात होते. प्रथम श्रेणी. तुमच्या जावयाने गुणपत्रिका छापली, मग आणखी छापल्या आणि पॅनकार्डची झेरॉक्स काढायला आलेल्या एका अनोळखी आजोबांच्या हातात एक दिली. "आमच्या हिची आहे, वाचा." आजोबांनी खरोखर सगळी वाचली आणि म्हणाले, "एका विषयात कमी पडलेत." लेक म्हणाली, "आई, तुझे माझ्यापेक्षा जास्त टक्के? हे बरं दिसत नाही." रात्री आम्ही तिघांनी मस्तानी खाल्ली, आणि मी दुसरी मागवली.

हे पत्र मी टाकणार नाही. टपाल खात्याला उगाच कशाला कामाला लावायचं? पण निकालाच्या दिवशी फोन करणारा प्रत्येक जण म्हणत होता, "आज वडिलांची फार आठवण आली असेल ना?" आणि मी प्रत्येकाला "हो ना" म्हणत होते. खोटं होतं ते, अण्णा. त्या अख्ख्या दिवसात तुम्ही मला एकदाही आठवला नाहीत. मी फक्त माझ्यावर खूश होते.