शाईच्या कड्याबाहेर

थेओनी,

तुझ्या आईचा बाप्तिस्मा झाला, त्या वर्षी या घरात लाल झालेल्या पायाभोवती शाईचं कडं काढलं होतं. त्यानंतर काल तूच काढलंस, आजोबांच्या पिंढरीवर, पेनानं. मी हसले, "डॉक्टरकी शिकून शेवटी मंत्र घालणाऱ्या म्हातारीचंच काम केलंस!" तू म्हणालीस, "आजी, तिचं कडं आजाराला अडवायला. माझं नुसतं नजर ठेवायला."

तू कॉलेजला गेल्यावर पाहिलं, तर लाली कड्याच्या दोन बोटं बाहेर आली आहे. अंगात तापही आहे. आजोबा म्हणतात, "मोठं कडं काढ आणि कॉफी दे." मी म्हटलं, "कॉफी मिळेल, कडं नाही. बूट घाला." नऊच्या बसनं इस्पितळात नेते आहे. तुझं कडं पुसू दिलेलं नाही, डॉक्टरांना दिसू दे.

तुझ्या पुस्तकात एकेक अक्षर लावत नाव शोधलं. आपण याला वाऱ्याची आग म्हणतो. पुस्तकात आहे एरिसिपेलास. म्हणजे लाल कातडी, आपल्याच जुन्या ग्रीक भाषेत, आणि जगभरचे डॉक्टर तेच म्हणतात! वाऱ्याचा त्यात उल्लेखच नाही. मग ही आग आत शिरते कुठून? डॉक्टरांना विचारणार आहे.

घेवड्याचं सूप झाकून ठेवलं आहे. जेवून ये.

त्या वर्षीही लाली बाहेर आली होती. म्हातारीनं मोठं कडं काढलं. माझी धाकटी बहीण गारिफालिया द्राक्षं तोडायच्या दिवसांत, रविवारी सकाळी वारली.