बिस्किटांचा डबा रिकामा झाला तेव्हा

शर्मिष्ठा,
दर्शनला घेऊन खाली कनकामामींकडे जातेय. समोर सांगायचं धाडस नाही, म्हणून लिहिते.

दोन महिने तो तुझं जेवण बघून तोंड फिरवायचा, कारण तू बँकेत गेलीस की मी त्याला दुधात बुडवून बिस्किटं द्यायचे. दीड वर्षाचं पोर उपाशी बघवत नव्हतं. काल डबा रिकामा होता. मग तू करून ठेवलेलं सगळं ताटलीत वाढलं आणि भरवायला न जाता बाजूला बसले. पठ्ठ्याने वरणभात, बिटाची कोशिंबीर, पालेभाजी, सगळं स्वतःच्या हाताने खाल्लं. उकडलेलं अंडंसुद्धा, माझ्या डोळ्यांदेखत! मी तीन पोरं वाढवली, पण घास घेऊन मागे धावण्यापलीकडे मला काही सुचलं नाही. त्याला आपल्या हाताने खाऊ द्यायचं हे तुला सुचलं, आणि तुझ्या त्या फ्रिजवरच्या जेवणाच्या तक्त्याला मी हसले.

नोकरीपायी पोराची आबाळ होते, असं माझा रविकांत तुला बोलला, तेव्हाही मी गप्प राहिले. आज त्याला खरं काय ते मीच सांगणार आहे.

टेबलावरचा तुझा राजीनामा मी फाडला. हवं तर महिनाभर माझ्याशी बोलू नकोस, पण उद्या कामावर जा.

आई