शुक्रवारची सही

प्रिय चिमणे,

समोर बसून बोलायला गेले तर माझा आवाज चढेल, तू रडशील आणि मूळ मुद्दा बाजूलाच राहील. म्हणून लिहितेय. 

आपल्या हॉस्पिटलच्या मानांकनाच्या गुणांची पद्धत बदलली, हे तुम्हाला वॉर्डमध्ये सांगितलंच आहे. आजवर रोजच्या तपासणीचा तक्ता भरलेला दिसला की पैकीच्या पैकी गुण. आता तपासायला येणारे लोक तक्ता हातात घेऊन त्यातली वस्तू स्वतः चालवून बघणार, दोन्हींचा मेळ बसला तरच गुण देणार. मेट्रन म्हणून सगळी तयारी माझ्याच गळ्यात पडली. म्हटलं, ते यायच्या आधी आपणच त्यांच्यासारखं बघावं. खरं सांगू? लेकीचा वॉर्ड, चारचौघांत कौतुक होईल, म्हणून आज मंगळवारी सकाळी तुझ्यापासूनच सुरुवात केली.

तुझी इमर्जन्सी ट्रॉली अगदी चकाचक होती. छोट्या ऑक्सिजन सिलिंडरची चावी फिरवली, तर काटा शून्यावरून हलेना. पुन्हा फिरवली. मग तक्ता पाहिला. 'सिलिंडर भरलेला', आणि पुढे तुझी सही. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, थेट रविवारपर्यंत. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. शुक्रवार अजून उजाडायचाय गं! माझा चेहरा बघून शेजारच्या खाटेवरच्या आजींनी मलाच बसायला सांगितलं आणि पाणी दिलं. पेशंटने मेट्रनची सेवा करायची, असली तऱ्हा!

ह्याच आजींना गेल्या आठवड्यात धाप लागली होती. खाटेवरच होत्या, म्हणून भिंतीतल्या ऑक्सिजनवर भागलं. त्यांना लिफ्टने खाली हलवावं लागलं असतं, तर सोबत हाच सिलिंडर गेला असता. ते मनात आलं नि मला धडकीच भरली. तुला फाडून खावं असं वाटलं, खोटं कशाला बोलू?

लहानपणी तू बाहुलीचा ताप रोज वहीत लिहायचीस. मी एकदा चेष्टेने म्हटलं, उद्याचाही आत्ताच लिहून टाक. केवढी फणकारलीस! उद्या तिला ताप असेल की नसेल हे तुला काय माहीत, म्हणून मलाच दटावलंस. अशी पोर ह्या थराला गेलीच कशी, ते मला काही केल्या कळेना. दुपारी तक्ता पुन्हा उघडला, तेव्हा शेवटचा रकाना नीट वाचला.

तो वरिष्ठांच्या सहीचा. तिथे माझी सही आहे, तीही रविवारपर्यंत. दर सोमवारी असे वीस तक्ते मी चहा निवायच्या आत उरकते. आणि तू नोकरीला लागलीस त्या पहिल्याच आठवड्यात, एक सही राहिली म्हणून घाबरून माझ्याकडे आलीस, तेव्हा आठवड्याच्या सह्या एकदमच करत जा, सगळ्याजणी तेच करतात, हे तुला मीच सांगितलं होतं. सिलिंडर बदलून घेतलाय. मोठे डॉक्टर जुना तक्ता फाडून नवा भरा म्हणत होते. मी तो आहे तसाच चौकशीला दिलाय. उद्या दहा वाजता तुला बोलावतील. तुझी नोकरी कदाचित वाचेल, माझी वाचेलसं वाटत नाही. मला सांभाळायला म्हणून गप्प बसू नकोस. हे कुणी शिकवलं असं विचारतील. आईने, असं सांग.

तुझीच,
आई